मधुचंद्राचा किनारा आणि वस्तीचे बेट : मालदीवमधील अतिथिगृह व्यवस्थेचा ऐतिहासिक अभ्यास (१९७२ ते २०२५)

बीजसंज्ञा : मधुचंद्र, मालदीव, अतिथिगृह, रिसॉर्ट, यजमान समाज, पर्यटनाचा इतिहास

प्रस्तावना

विवाहानंतरचे पहिले काही दिवस नवदांपत्याने घरापासून दूर, एकांतात घालवावेत ही कल्पना आज मराठी मध्यमवर्गात सर्वमान्य झाली आहे. तथापि ती फार जुनी नाही. ‘मधुचंद्र’ हा शब्दच मुळी इंग्रजी संज्ञेवरून घडविलेला आहे. तत्पूर्वी महाराष्ट्रातील नवविवाहितांचा पहिला प्रवास प्रायः कुलदैवताच्या दर्शनासाठी होत असे. जेजुरी गडाच्या पहिल्या काही पायऱ्या वराने वधूला उचलून घेऊन चढण्याची प्रथा आजही पाळली जाते. परंतु त्या प्रवासात आप्तस्वकीयांचा गोतावळा सोबत असतो. विसाव्या शतकात नोकरदार वर्गाने या देवदर्शनाला महाबळेश्वर-माथेरानची जोड दिली, पुढे गोव्याची आणि अलीकडच्या काळात मालदीवची.

मधुचंद्राचे स्थळ म्हणून मालदीवचे जे चित्र सर्वपरिचित आहे त्यात पांढरी वाळू, निळे उथळ पाणी, माडांची सावली आणि केवळ दोन माणसे असतात. तिसरे माणूस त्या चित्रात नसते. वस्तुतः मालदीव हा शेकडो वर्षांची अखंड वस्ती असलेला देश आहे. तेथे मच्छीमार आहेत, सुतार आहेत, काथ्या वळणाऱ्या स्त्रिया आहेत, शाळा आणि मशिदी आहेत. मग पर्यटकाला दिसणाऱ्या किनाऱ्यावरून ही माणसे कोठे गेली, आणि ती परत दिसू लागली ती केव्हा व कशी, हा इतिहासाच्या अभ्यासकापुढील प्रश्न आहे. या प्रश्नाचे उत्तर वस्तीच्या बेटांवरील अतिथिगृहांच्या, म्हणजेच गेस्टहाउसच्या, चढउताराच्या इतिहासात सापडते.

अभ्यासाची उद्दिष्टे

१) समुद्रकिनाऱ्यावरील मधुचंद्र या संकल्पनेची ऐतिहासिक जडणघडण तपासणे.
२) मालदीवमधील पर्यटनाच्या आरंभकाळातील निवासव्यवस्थेचे स्वरूप स्पष्ट करणे.
३) वस्तीची बेटे पर्यटकांसाठी बंद करण्याच्या व पुन्हा खुली करण्याच्या धोरणांची कारणे व परिणाम शोधणे.
४) या धोरणांचा स्थानिक कुटुंबजीवनाशी असलेला संबंध विशद करणे.

व्याप्ती व पद्धती

प्रस्तुत अभ्यास दुय्यम साधनांवर आधारित असून त्यासाठी ऐतिहासिक व तौलनिक पद्धतीचा अवलंब केला आहे. अभ्यासाचा मुख्य कालखंड १९७२ ते २०२५ हा आहे. पार्श्वभूमीसाठी आवश्यक तेथे मध्ययुगीन प्रवासवर्णनांचा आधार घेतला आहे. विषयाची मर्यादा निवासव्यवस्थेपुरती असल्याने मालदीवच्या राजकीय इतिहासाचा उल्लेख प्रसंगोपात्त केला आहे.

मधुचंद्र संकल्पनेची जडणघडण

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडमधील सधन वर्गात विवाहानंतर नवदांपत्य एका फेरीवर निघत असे. लग्नाला उपस्थित राहू न शकलेल्या नातलगांच्या भेटी घेणे हा त्या फेरीचा हेतू असे आणि पुष्कळदा वधूची बहीण किंवा मैत्रीण सोबत असे. म्हणजे आपल्याकडील कुलदैवताच्या यात्रेप्रमाणे हा प्रवासही कुटुंबाच्याच वर्तुळातील होता. त्या शतकाच्या उत्तरार्धात हे स्वरूप बदलले. नातलग मागे पडले आणि दोघांचा एकांत हेच प्रवासाचे प्रयोजन ठरले. रेल्वेमुळे इटली व फ्रान्सचा दक्षिण किनारा इंग्रज दांपत्यांच्या आवाक्यात आला, तर अमेरिकेत नायगारा धबधबा हे नवविवाहितांचे ठिकाण म्हणून प्रसिद्धीस आले.

या साऱ्या काळात उष्ण कटिबंधातील किनारा मात्र युरोपीय माणसाच्या मनात ताप, डास व मृत्यू यांच्याशी निगडित होता. तो विश्रांतीचा प्रदेश बनण्यास विसाव्या शतकातील औषधे, पगारी रजा आणि जेट विमाने कारणीभूत झाली. १९६७ मध्ये फ्रेंच पॉलिनेशियातील रायातेआ बेटावर तीन अमेरिकन व्यावसायिकांनी पाण्यात खांब रोवून त्यांवर निवासकुट्या बांधल्या. पुढे हाच बांधणीप्रकार मालदीवने स्वीकारला आणि तो मधुचंद्राचे जणू बोधचिन्ह बनला. तात्पर्य, उष्ण कटिबंधातील सागरकिनाऱ्यावरचा मधुचंद्र ही सनातन वाटणारी गोष्ट प्रत्यक्षात दोन-तीन पिढ्यांपूर्वीची आहे.

मालदीवमधील पाहुणा आणि विवाह : जुनी परंपरा

मालदीव हा सुमारे १,२०० प्रवाळबेटांचा समूह आहे. त्यांपैकी जेमतेम दोनशे बेटांवर वस्ती आहे. येथील दिवेही भाषा भारतीय-आर्य कुळातील असून सिंहलीला जवळची आहे. इ. स. ११५३ मध्ये येथील राजसत्तेने इस्लामचा स्वीकार केला. भारतीय द्वीपकल्पाशी या बेटांचा संबंध व्यापारातून दृढ झाला होता. बंगालमध्ये नाणे म्हणून चालणाऱ्या कवड्यांचा प्रमुख पुरवठा मालदीवमधून होत असे. ‘कवडीमोल’ या मराठी शब्दामागील कवडी ही अशा सागरी व्यापाराचीच खूण आहे.

बाहेरून येणारा पाहुणा या समाजाला नवा नव्हता. मोरोक्कन प्रवासी इब्न बतूता १३४३-४४ मध्ये येथे राहिला आणि त्याने काझीपदही भूषविले. त्याने नोंदविलेली एक बाब प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. जहाजे बंदराला लागली की खलाशी स्थानिक स्त्रियांशी रीतसर विवाह करीत आणि निघताना घटस्फोट देत, कारण तेथील स्त्रिया आपला देश सोडून जात नसत. स्वतः इब्न बतूतानेही तेथे अनेक विवाह केले. १६०२ मध्ये ‘कॉर्बिन’ नावाचे फ्रेंच जहाज या बेटांजवळ फुटले. त्यावरील फ्रान्स्वा पिरार हा सुमारे पाच वर्षे तेथे अडकून पडला आणि त्याने त्या समाजाचे तपशीलवार वर्णन लिहून ठेवले.

या दोन्ही वृत्तांतांवरून एक गोष्ट स्पष्ट होते. मध्ययुगात मालदीवला आलेला परका माणूस वस्तीतच राहत असे, तेथलेच अन्न खात असे आणि तेथल्या कायद्याला बांधील असे. पाहुण्याचे स्वतंत्र बेट ही कल्पना त्या काळी नव्हती.

१९७२ : घरातील पाहुणे

१८८७ पासून ब्रिटिश संरक्षणाखाली असलेला मालदीव २६ जुलै १९६५ रोजी स्वतंत्र झाला. ११ नोव्हेंबर १९६८ रोजी सुलतानशाही संपून प्रजासत्ताक आले आणि इब्राहिम नासिर राष्ट्राध्यक्ष झाले. अर्थव्यवस्था मासेमारीवर, विशेषतः सुकविलेल्या टूना माशाच्या सिलोनला होणाऱ्या निर्यातीवर, अवलंबून होती. १९७० च्या दशकाच्या प्रारंभी ही बाजारपेठ खालावली आणि परकीय चलनाचा नवा मार्ग शोधणे भाग पडले.

याच सुमारास इटालियन प्रवास-व्यावसायिक जॉर्ज कॉर्बिन यांची कोलंबो येथे मालदीवच्या वकिलातीतील अहमद नसीम यांच्याशी भेट झाली. पिरारच्या जहाजाशी असलेले त्यांचे नामसाधर्म्य हा निव्वळ योगायोग होय. मालदीव पाहून प्रभावित झालेल्या कॉर्बिन यांनी फेब्रुवारी १९७२ मध्ये बावीस इटालियन पर्यटकांचा पहिला गट माले येथे आणला. त्या वेळी राजधानीत पर्यटकांसाठी हॉटेल नव्हते. भारतीय स्टेट बँकेची माले शाखादेखील १९७४ मध्ये सुरू झाली. तेव्हा नसीम, मोहम्मद उमर मनिकू व त्यांचे सहकारी यांनी या पाहुण्यांची सोय मालेमधील तीन घरांत केली.

मालदीवच्या आधुनिक पर्यटनाचा आरंभ असा घरातून झाला, ही बाब पुढील इतिहासाच्या संदर्भात लक्षणीय ठरते. ३ ऑक्टोबर १९७२ रोजी विहामनाफुशी या निर्जन बेटावर ‘कुरुंबा व्हिलेज’ हे पहिले रिसॉर्ट उघडले. तीस खोल्यांचे हे बांधकाम प्रवाळाचा दगड-चुना, माडाचे लाकूड आणि झावळ्या यांचे होते. त्याच वर्षी बंडोस बेटावर दुसरे रिसॉर्ट सुरू झाले. १९७२ मध्ये सुमारे एक हजार पर्यटक आले. १९७६ मध्ये गान येथील ब्रिटिश हवाईतळ बंद झाल्यावर बेरोजगार झालेले, इंग्रजी जाणणारे अड्डू प्रवाळद्वीपातील कामगार या नव्या व्यवसायाकडे वळले.

याच दशकात काही पर्यटक वस्तीच्या बेटांवरही जाऊन राहू लागले. मच्छिमाराच्या घरातील एखादी खोली, विहिरीचे पाणी, मासा-नारळाचे जेवण आणि अंगणापुढे समुद्र असे त्या निवासाचे स्वरूप होते. यातून घरमालकाला थेट पैसा मिळत असे.

‘एक बेट, एक रिसॉर्ट’ : विलगतेचे धोरण

११ नोव्हेंबर १९७८ रोजी मौमून अब्दुल गयूम राष्ट्राध्यक्ष झाले. १९७९ मध्ये पर्यटनविषयक कायदा आला, ११ नोव्हेंबर १९८१ रोजी हुल्हुले येथील विमानतळ आंतरराष्ट्रीय म्हणून खुला झाला आणि १९८३ मध्ये पहिला पर्यटन बृहद् आराखडा तयार झाला. १९८४ मध्ये राजधानीबाहेरील वस्तीच्या बेटांवरील अतिथिगृहे बंद करण्यात आली. पर्यटकांचा निवास रिसॉर्टच्या बेटांपुरता मर्यादित झाला आणि वस्तीच्या बेटांवर मुक्काम करण्यासाठी परवान्याची अट आली.

या धोरणामागे दोन प्रकारची कारणे दिसतात. पहिले कारण सांस्कृतिक होते. पर्यटकांचा पेहराव, मद्यपान आणि अमली पदार्थ यांपासून मुस्लिम समाजाला दूर ठेवावे असा त्यामागील विचार होता. रिसॉर्टच्या बेटांवर मद्य व डुकराचे मांस यांना मुभा देण्यात आली. वस्तीच्या बेटांवर त्यांना बंदी राहिली. दुसरे कारण आर्थिक होते. बेटे ही शासनाच्या मालकीची असल्याने ती भाडेपट्ट्याने देऊन महसूल मिळविणे आणि पर्यटकांवर देखरेख ठेवणे शासनाला सोपे गेले. मोजक्या उद्योजकांना यातून मोठा लाभ झाला, हेही नाकारता येत नाही.

या व्यवस्थेचे यश आकडेवारीत दिसते. वार्षिक पर्यटकसंख्येने २०१३ मध्ये दहा लाखांचा टप्पा ओलांडला. एका बेटावर एकच रिसॉर्ट असल्यामुळे गर्दी टळली आणि किनारा पाहुण्यांपुरता राखीव राहिला. नवदांपत्यांना हवा असलेला एकांत नेमका हाच होता. वस्तीच्या संरक्षणासाठी आखलेली रेषा अशा रीतीने मधुचंद्राच्या बाजारातील मुख्य आकर्षण बनली. निर्जन किनारा ही मालदीवला निसर्गाने दिलेली देणगी आहे, असे मानले जाते. बेटे निर्जन होती हे खरे; परंतु पर्यटकाच्या दृष्टीपुरता संपूर्ण देशच निर्जन झाला तो कायद्याने.

सहवास आणि वियोग

या विलगतेची किंमत स्थानिक कुटुंबांनी चुकविली. रिसॉर्टचे बेट गावापासून दूर असल्याने कर्मचाऱ्याला तेथील कर्मचारी-निवासात राहावे लागते. विवाहित पुरुष महिनोन्महिने घराबाहेर राहू लागले. सुट्टीत घरी येणे, पैसे पाठविणे आणि पुन्हा परतणे हा क्रम ठरून गेला. कुटुंबाची मर्यादा, मद्याचे वातावरण आणि घरापासूनचे अंतर या कारणांमुळे मालदीवी स्त्रियांनी रिसॉर्टमध्ये नोकरी करणे समाजाला मान्य नव्हते. त्यामुळे तेथील कर्मचारीवर्गात त्यांचे प्रमाण अत्यल्प राहिले. उरलेली कामे बांगलादेश, श्रीलंका, भारत इत्यादी देशांतून आलेल्या कामगारांनी केली. त्यांच्याही बायका-मुले मायदेशीच असत.

म्हणजे ज्या बेटावर नवविवाहित जोडपी सहवासाचे सुख अनुभवत होती, तेथे त्यांच्यासाठी बिछाना घालणारा, ताट वाढणारा आणि होडी हाकणारा बहुतेक प्रत्येक पुरुष आपल्या पत्नीपासून दूर होता. एका दांपत्याच्या एकांतासाठी अनेक दांपत्यांचा वियोग आवश्यक ठरावा, ही या व्यवस्थेतील मूलभूत विसंगती होय.

येथे आणखी एका वस्तुस्थितीची नोंद घेणे आवश्यक आहे. मालदीवचे घटस्फोटाचे प्रमाण जगात सर्वाधिक असल्याची नोंद गिनीज विक्रमपुस्तकात झाली. ते दर हजार लोकसंख्येमागे वर्षाला १०.९७ इतके होते. या स्थितीला आळा घालण्यासाठी २००० साली कुटुंबविषयक कायदा करण्यात आला आणि जुलै २००१ पासून न्यायालयाबाहेर दिलेला तलाक दंडनीय ठरला. घटस्फोटाच्या या प्रमाणाला केवळ पर्यटन कारणीभूत आहे असे म्हणणे युक्त होणार नाही. सुलभ विवाह व सुलभ घटस्फोट यांची परंपरा इब्न बतूताच्या काळापासून दिसते. तथापि पुरुषांच्या प्रदीर्घ अनुपस्थितीने आधीच सैल असलेल्या या बंधनाला बळकटी आली नाही, एवढे निश्चितपणे म्हणता येईल.

२००८ नंतरचे परिवर्तन

ऑक्टोबर २००८ मध्ये मालदीवमध्ये राष्ट्राध्यक्षपदाची पहिली बहुपक्षीय निवडणूक झाली आणि ११ नोव्हेंबर २००८ रोजी मोहम्मद नशीद यांनी पदग्रहण केले. पर्यटनाचा लाभ सामान्य कुटुंबांपर्यंत पोहोचावा या भूमिकेतून २००९-१० च्या सुमारास वस्तीच्या बेटांवर अतिथिगृहांना पुन्हा परवानगी मिळाली. बेटांना जोडणाऱ्या सार्वजनिक फेरीसेवेचाही याच काळात विस्तार झाला. त्यापूर्वी रिसॉर्टची खासगी बोट किंवा समुद्री विमान हेच पर्यटकांच्या प्रवासाचे मुख्य साधन होते.

मालेपासून सुमारे २७ किलोमीटर दक्षिणेस असलेले माफुशी हे बेट या परिवर्तनाचे प्रातिनिधिक उदाहरण होय. मासेमारी आणि देशाचा तुरुंग यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या या बेटावर २०१० मध्ये पहिले अतिथिगृह सुरू झाले. अल्पावधीत तेथे अतिथिगृहांची रांग उभी राहिली आणि इतर बेटांनी तिचे अनुकरण केले. २०१९ पर्यंत देशातील अतिथिगृहांची संख्या पाचशेच्या वर गेली. खाटांच्या संख्येत मात्र रिसॉर्टचे वर्चस्व कायम राहिले.

हे परिवर्तन विनाविरोध झाले नाही. धार्मिक पक्षांना त्यात समाजाच्या नीतिमत्तेला धोका दिसला. २३ डिसेंबर २०११ रोजी माले येथे इस्लामच्या रक्षणाची मागणी करणारा मोठा मेळावा झाला आणि शासनाने काही दिवस रिसॉर्टमधील मर्दनकेंद्रे बंद ठेवली. जानेवारी २०१२ मध्ये ती पुन्हा उघडली. फेब्रुवारी २०१२ मध्ये नशीद पदावरून दूर झाले, तथापि अतिथिगृहांचे धोरण टिकले. ज्या कुटुंबांनी कर्ज काढून खोल्या बांधल्या होत्या त्यांचा विरोध ओढवून घेणे पुढील कोणत्याही शासनाला परवडणारे नव्हते.

अतिथिगृहातील मधुचंद्राचे स्वरूप

अतिथिगृहात उतरणाऱ्या नवदांपत्याचा दिनक्रम रिसॉर्टहून भिन्न असतो. मालेहून फेरीने दीड तासात किंवा वेगवान बोटीने अर्ध्या तासाच्या आसपास माफुशी गाठता येते. धक्क्यावर यजमान किंवा त्याचा मुलगा सामान घेण्यासाठी उभा असतो. पहाटेची अजान खोलीत ऐकू येते. न्याहारीला ‘मस हुनी’, म्हणजे टूना, ओले खोबरे, कांदा व मिरची यांचे कालवण आणि ‘रोशी’ ही पोळी असते. कोकणातील माणसाला ही चव फारशी परकी वाटत नाही. दुपारी माडाखाली काथ्याच्या दोरीने विणलेल्या ‘जोली’ या आसनात बसावे, संध्याकाळी मच्छीमारांच्या होड्या परतताना पाहाव्यात, एखाद्या रात्री ‘बोडुबेरू’ ढोलाचा ताल ऐकावा, असे त्या दिवसांचे संथ रूप असते. शुक्रवारी नमाजाच्या वेळी बेट शांत होते आणि पाहुणाही नकळत त्या वेळापत्रकाचा भाग बनतो.

या मुक्कामाला काही बंधनेही आहेत. बेटावर मद्य मिळत नाही. गावातून फिरताना अंगभर कपडे अपेक्षित असतात. पोहण्याच्या पोशाखात वावरण्यासाठी किनाऱ्याचा एक भाग आडोसा करून राखून ठेवलेला असतो. त्यास सर्वत्र ‘बिकिनी बीच’ म्हणतात. १९८४ मध्ये जी रेषा दोन बेटांच्या मधील समुद्रात आखली गेली होती, ती आता एकाच बेटाच्या वाळूवर आली असे या आडोशाचे वर्णन करता येईल. रेषा नाहीशी झाली नाही. परंतु ती ओलांडून पाहुणा आणि यजमान एकमेकांना दिवसातून अनेकदा भेटू लागले.

कुटुंबजीवनाच्या दृष्टीने या बदलाचे महत्त्व अधिक आहे. अतिथिगृह चालविणारा पुरुष रात्री स्वतःच्या घरी झोपतो. स्वयंपाक, खोल्यांची देखभाल आणि हिशेब या कामांत घरातील स्त्रीला घर न सोडता सहभागी होता येते. रिसॉर्टमध्ये राबून अनुभव मिळविलेले कित्येक पुरुष गावी परतून या व्यवसायात आले. वेतनावर काम करणारा नोकर यजमान बनला, हे या परिवर्तनाचे सामाजिक सार होय.

मर्यादा व आव्हाने

अतिथिगृहांचे चित्र सर्वस्वी उज्ज्वल आहे असे नाही. माफुशीसारख्या लहान बेटावर बहुमजली इमारती उभ्या राहिल्या आणि काही घरे पूर्णतः हॉटेल बनली. गोड्या भूजलाचा साठा मर्यादित असल्याने समुद्राचे पाणी गोडे करण्यावर अवलंबून राहावे लागते. कचऱ्याची विल्हेवाट हा गंभीर प्रश्न आहे. मालेजवळील थिलाफुशी हे बेट १९९० च्या दशकाच्या प्रारंभापासून कचऱ्याच्या भरावासाठी वापरले गेले. १९९८ व २०१६ मध्ये पाण्याचे तापमान वाढून प्रवाळांची मोठी हानी झाली. देशाचा बहुतांश भूभाग समुद्रसपाटीपासून एक मीटरपेक्षाही कमी उंचीवर आहे, ही जाणीव जगाला करून देण्यासाठी ऑक्टोबर २००९ मध्ये मंत्रिमंडळाची बैठक पाण्याखाली घेण्यात आली होती.

शासनाच्या दृष्टीनेही अतिथिगृह दुय्यमच राहिले, असे काही प्रसंगांवरून दिसते. कोविड महासाथीमुळे मार्च २०२० मध्ये बंद झालेली सीमा १५ जुलै २०२० रोजी उघडली ती रिसॉर्टसाठी. वस्तीच्या बेटांवरील अतिथिगृहांना ऑक्टोबरपर्यंत थांबावे लागले. यामागे साथ रोखण्याचे रास्त कारण होते. तरीही संकटकाळी देश आपोआप १९८४ च्या विभागणीकडे वळला, हे नोंद घेण्याजोगे आहे. दुसरीकडे हरितकराच्या आकारणीत अतिथिगृहांना सवलत मिळाली. नोव्हेंबर २०१५ पासून रिसॉर्टमधील पर्यटकाकडून प्रतिदिन ६ डॉलर आणि ऑक्टोबर २०१६ पासून अतिथिगृहातील पर्यटकाकडून ३ डॉलर घेतले जाऊ लागले. जानेवारी २०२५ पासून हे दर अनुक्रमे १२ व ६ डॉलर झाले. वस्तीच्या बेटांवरील ५० पेक्षा कमी खोल्यांच्या अतिथिगृहांना कमी दर लागू राहिला.

भारतीय पर्यटक व मराठी संदर्भ

२०२१ ते २०२३ या तीनही वर्षांत मालदीवला जाणाऱ्या पर्यटकांत भारतीयांची संख्या सर्वाधिक होती. २०२३ मध्ये दोन लाखांहून अधिक भारतीय तेथे गेले. जानेवारी २०२४ मध्ये भारताच्या पंतप्रधानांच्या लक्षद्वीप भेटीनंतर मालदीवच्या तीन उपमंत्र्यांनी अवमानकारक विधाने केली. त्यांना निलंबित करण्यात आले, तथापि भारतात बहिष्काराची हाक दिली गेली आणि २०२४ मध्ये भारतीय पर्यटकांची संख्या सुमारे १.३ लाखापर्यंत घसरली. त्याच वर्षी एकूण पर्यटकसंख्येने मात्र वीस लाखांचा टप्पा ओलांडला. मोठी रिसॉर्ट इतर देशांतील ग्राहकांकडे वळू शकतात. दहा खोल्यांच्या अतिथिगृहाला, ज्याचा निम्मा धंदा एखाद्या शेजारी देशावर अवलंबून असू शकतो, तसे वळणे तितके सोपे नसते. राजकीय वादाची झळ अशा वेळी सर्वांत आधी लहान यजमानाला लागण्याचा संभव असतो.

कोकण किनाऱ्याशी या इतिहासाची तुलना उद्बोधक ठरते. सिंधुदुर्ग जिल्हा १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा म्हणून घोषित झाला आणि महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाच्या न्याहारी व निवास योजनेतून गावकऱ्यांना आपल्या घरातील खोल्या पर्यटकांना देण्यास उत्तेजन मिळाले. तारकर्ली, गुहागर, दिवेआगर येथे ‘घरगुती राहण्याची व जेवणाची सोय’ अशा पाट्या जागोजागी आढळतात. मालदीवला घर, बेट आणि पुन्हा घर असा वळसा घ्यावा लागला. कोकणात घराचा उंबरठा आरंभापासून पर्यटनाच्या केंद्रस्थानी राहिला. मात्र किनाऱ्यालगतच्या जमिनी बाहेरच्या खरेदीदारांकडे जाऊ लागल्या की यजमान आपल्याच किनाऱ्यावर नोकर होतो. हा धोका कोकणालाही चुकलेला नाही.

निष्कर्ष

१) उष्ण कटिबंधातील किनाऱ्यावरील मधुचंद्र ही विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ झालेली संकल्पना असून नातलगांच्या सोबतीकडून एकांताकडे झालेला बदल तिच्या मुळाशी आहे.
२) मालदीवमधील आधुनिक पर्यटनाचा आरंभ फेब्रुवारी १९७२ मध्ये मालेतील राहत्या घरांतून झाला. ‘एक बेट, एक रिसॉर्ट’ हे त्यानंतर स्वीकारलेले धोरण होय.
३) १९८४ च्या निर्णयाने वस्तीची बेटे पर्यटकांना बंद झाली. सांस्कृतिक संरक्षण हा त्याचा घोषित हेतू होता; परंतु त्यातून निर्माण झालेला निर्जन किनारा हाच बाजारात विकला गेला.
४) या व्यवस्थेत पाहुण्या दांपत्यांच्या सहवासासाठी स्थानिक व स्थलांतरित कामगारांना कौटुंबिक वियोग सोसावा लागला आणि स्त्रिया रोजगारापासून मोठ्या प्रमाणात दूर राहिल्या.
५) २००९-१० नंतरच्या अतिथिगृहांनी यजमानाला त्याच्या घरात व किनाऱ्यावर पुन्हा स्थान दिले. पर्यावरण व गर्दीचे प्रश्न सोडविल्याखेरीज मात्र हे स्थान टिकणार नाही.

नवविवाहितांना एकांत हवा असतो आणि तो हवा असणे स्वाभाविक आहे. त्या एकांतासाठी किनाऱ्यावरील माणसांना नजरेआड करणे अपरिहार्य आहे का, एवढाच प्रश्न मालदीवचा इतिहास उपस्थित करतो. वस्तीच्या बेटावरील साध्या अतिथिगृहात राहून, सकाळी यजमानाच्या घरची न्याहारी घेऊन दिवसभर समुद्राकडे पाहत बसणारी जोडपी गेल्या पंधरा वर्षांत हजारोंच्या संख्येने परतली आहेत. त्यांचा अनुभव पाहता, ते अपरिहार्य नाही असे उत्तर देता येते.